पहाटेचा वास
डोंबिवली एमआयडीसीत निवासी विभाग आणि रासायनिक कारखाने यांच्यामध्ये काही ठिकाणी जेमतेम रस्त्याचंच अंतर आहे. उग्र वास बहुधा रात्री-पहाटे येतो, म्हणून ‘अंधारात चोरून वायू सोडतात’ हा संशय. तो दर वेळी खोटा नसतो. पण हिवाळ्यात हवाही हातभार लावते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली, की वायू वर न जाता घरांच्या उंचीवरच साचतो. ऊन चढलं की विरतो.

मोठे धोके मात्र वासाची वाट पाहत नाहीत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे इथल्या कारखान्यांतले स्फोट भरदिवसा झाले, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आवाज ऐकून लोक खिडकीकडे धावतात. खरं तर काचेपासून लांब, आतल्या खोलीत जावं.