दीड किलोच्या बाळाचे पदार्थविज्ञान

दौंड तालुक्यातील राहू आणि आसपासच्या गावांत गुऱ्हाळे पुष्कळ आहेत. गुऱ्हाळ पाहिलेल्या वाचकांना एक गोष्ट ठाऊक असेल. गुळाच्या मोठ्या ढेपेत ऊब बराच वेळ टिकते, पण वाटीभर गरम गूळ पाहता पाहता निवतो. असे का होते? आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या जगण्यामरण्याशी याचा काय संबंध?

बाळ आईच्या पोटात सुमारे ४० आठवडे असते. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मले, तर त्याला अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. समजा, असे एक बाळ दीड किलोचे आहे आणि त्याची आई ६० किलोची. वजनात ४० पटींचा फरक झाला. दोघांची ठेवण सारखीच आहे असे क्षणभर धरू. मग लांबीतला फरक ४० च्या घनमूळाइतका, म्हणजे सुमारे ३.४ पट येतो. उष्णता साठते ती घनफळात आणि निसटते ती पृष्ठभागातून. म्हणून दर किलो वजनामागे बाळाची त्वचा आईच्या त्वचेच्या ३.४ पट भरते! त्यात त्वचा पातळ, तिच्याखाली चरबी नाही आणि आपल्यासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणेही बाळाला जमत नाही. गारठलेले बाळ आपल्याजवळची थोडीशी साखर आणि ऑक्सिजन ऊब राखण्यातच खर्च करते, आणि त्यातच त्याचा जीव धोक्यात येतो.

उष्णता निसटण्याच्या वाटा तुम्ही शिकलाच आहात: वहन, अभिसरण आणि प्रारण. चौथी वाट बाष्पीभवनाची. रुग्णालयातील नवजात अतिदक्षता विभागात बाळाला ज्या काचपेटीत ठेवतात, ती या चारही वाटा अडवते. गादी गार नसते, वारा लागत नाही, हवा दमट ठेवलेली असते. पेटीची भिंत बऱ्याचदा दुहेरी असते. आतली हवा गरम असली तरी भिंत गार असेल, तर बाळाची उष्णता प्रारणाने भिंतीकडे जातेच. पॅरिसचे डॉक्टर तार्निए यांनी १८८० च्या सुमारास अशी पेटी प्रसूतिगृहात आणली. तिची कल्पना त्यांना कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून सुचली होती.

ऊब मिळाली, आता श्वास. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांना आतून पाण्याचे पातळ अस्तर असते. पाण्याच्या पृष्ठताणामुळे प्रत्येक वायुकोश मिटू पाहतो. त्रिज्या निम्मी झाली की मिटवणारा दाब दुप्पट होतो. म्हणून इवलासा वायुकोश उघडा ठेवणे सर्वांत कठीण. पूर्ण दिवसांच्या बाळाची फुप्फुसे साबणासारखे काम करणारा एक स्निग्ध पदार्थ तयार करतात आणि त्याने पृष्ठताण खूप कमी होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ नेमका हाच पदार्थ पुरेसा नसतो. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे १९५९ मध्ये दाखवले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी असा पदार्थ बाहेरून फुप्फुसांत सोडून बाळे वाचवल्याचे प्रसिद्ध केले.

याहून सोपा एक उपाय तुमच्या प्रयोगशाळेतही मांडता येईल. बाळाच्या नाकात सतत हवा सोडायची आणि परतीच्या नळीचे टोक बाटलीतील पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवायचे. दाब = उंची × घनता × गुरुत्वत्वरण, म्हणजे सुमारे ४९० पास्कल; वातावरणाच्या दाबाचा जेमतेम दोनशेवा भाग. तेवढ्यानेही वायुकोश उघडे राहतात! मात्र ऑक्सिजन मोजूनच द्यावा लागतो. तो जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. १९४० ते १९५५ च्या दरम्यान पाश्चात्त्य देशांत हजारो बाळांची दृष्टी अशी गेली.

बाळ वाचले म्हणजे काम संपले का? पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे १८ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण होती, पण काहींना गणित जड जात होते. शिक्षकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

राहूहून पुणे दूर आहे. वाटेत बाळ गारठले, तर पुढची यंत्रे अपुरी पडतात. मग वाटेत ऊब कोण देणार? आई! कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ती कांगारू पद्धत म्हणून ओळखली जाते. आईची छाती ३७ अंशांच्या आसपास राहते, तिला वीज लागत नाही आणि दूधही तिथेच असते. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतील पाच रुग्णालयांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते १.८ किलोंच्या बाळांना जन्मताच आईजवळ ठेवले तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू एकचतुर्थांशाने घटले. म्हणजे अतिदक्षता विभागात यंत्राइतकीच आईलाही जागा हवी.

आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांत दर हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातील मृत्यू ६२ होते, ते २५ पर्यंत उतरले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता एक प्रयोग करून पाहा. एक मोठा तांब्या आणि एक लहान वाटी घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्हींत एकाच तपमानाचे गरम पाणी भरा. दर दोन मिनिटांनी तपमान नोंदवा आणि आलेख काढा. मग वाटी लोकरीत गुंडाळून पुन्हा नोंदी घ्या. दोन आलेखांतले अंतर पाहिलेत की घरी बाळ जन्मले असता त्याला लगेच आंघोळ का घालू नये, त्याला कोरडे करून टोपडे का घालावे आणि आईच्या कुशीत का द्यावे, हे तुम्हीच घरच्यांना समजावून सांगाल.