आधी मैदान, मग डबा

पुण्यातल्या एका पेठेतली अनुदानित मराठी शाळा. सकाळचे साडेअकरा होतायत. मैदान म्हणायचं ते दोन इमारतींच्या मध्ये उरलेल्या मातीला, आणि त्यातलाही एक कोपरा शिक्षकांच्या दुचाक्यांनी धरलेला. पाचवीचा वर्ग लेझीम घेऊन उभा आहे. हलगी फाटलीय म्हणून पी.टी.चे सर उपड्या बादलीवर ठेका धरतात. चार पावलं पुढे, बैठक, उसळी, गिरकी. सुरुवातीला खुसुखुसु हसणारी मुलं आता हसत नाहीत, कारण दम पुरवायचाय. मागच्या ओळीतल्या एका अंगानं चांगल्या भरलेल्या मुलाची लेझीम अर्ध्या ठेक्यानं मागे पडते, पण पडते ती नेमानं. बैठकीतून उठताना तो गुडघ्यावर हात टेकवतो. सर ते बघतात आणि बादलीचा वेग किंचित उतरवतात, सगळ्यांसाठीच.

लेझमा भिंतीशी लागतात आणि डॉजबॉल सुरू होतो. अपेक्षेप्रमाणे तोच मुलगा दुसऱ्या की तिसऱ्या फेकीला टिपला जातो. "ए जाड्या, आउट!" पलीकडून आरोळी येते. सर शिट्टी मारतात. खेळ थांबतो.

"त्याला नाव आहे. नाव घेऊन आउट कर."

मुलगा नाव घेतो. खेळ पुन्हा सुरू. भाषण नाही, कानउघाडणी नाही.

आता आउट झालेल्यानं सावलीत बसून बाटल्या राखायच्या, हा डॉजबॉलचा जगमान्य नियम. इथे तो मोडलाय. आउट झालेल्यानं कडुनिंबाला हात लावायचा, दुचाक्यांना वळसा घालायचा आणि परत खेळात यायचं. म्हणजे तो मुलगा दर थोड्या वेळानं कडुनिंबाकडे पळतोय. धापा टाकतोय, पण पळतोय. साधी गोष्ट आहे: ज्याला पळण्याची गरज सर्वांत जास्त, तो जुन्या नियमानं सर्वांत आधी आउट होतो आणि सर्वांत जास्त वेळ बसतो. खो-खोतही आठ जण खाली बसलेले आणि एक पळणारा. इतक्या पिढ्या आपण 'खेळाचा तास' म्हणत आलो, त्यात प्रत्येक पोर नेमकं किती मिनिटं हललं हे कुणी मोजलं असेल असं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. इथला अख्खा तास ३५ मिनिटांचा, त्यातही हजेरी आणि रांगा.

मी सरांना विचारते, रस्सीखेच का घेत नाही? तिथे या मुलाला मान मिळेल की.

"मिळेल ना. सगळ्यात शेवटी उभा करतील आणि दोर कमरेला बांधतील. मला त्याचा खांब करायचा नाहीये, मॅडम."

घंटा होते. बचत गटाच्या ताई टेम्पोतून पातेली उतरवून व्हरांड्यात मांडून बसल्या आहेत. मुलं नळावर झुंबड करतात, कोपरापर्यंत हात धुतात, निम्मं पाणी एकमेकांच्या अंगावर. आज चवळीची खिचडी, वर किसलेलं गाजर. पहिली ते पाचवीच्या मुलामागे सरकारी हिशेब १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी असा आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. हे कागदावर. ताटात काय राहतं आणि पातेल्यात काय परत जातं, ते ताईंना विचारावं.

"पूर्वी गाजर-वाटाणे निवडून ताटाच्या कडेला लावायची. अन् दोन घास खाल्ले की पळाली खेळायला," वाढता वाढता ताई सांगतात. "आता खेळूनच येत्यात. भूक लागलेली असती. निवडायला वेळ कुठाय?"

शाळेनं केलेला मुख्य बदल एवढाच: वरच्या वर्गांचा पी.टी.चा तास आणि छोट्यांचा मोकळा खेळ जेवणाच्या मागून उचलून जेवणाच्या पुढे आणला. कुठलं नवं अनुदान नाही, साहित्य नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या काही प्राथमिक शाळांमध्ये जोसेफ प्राइस आणि डेव्हिड जस्ट या संशोधकांनी हेच करून मोजलं होतं. २०१५ मध्ये त्यांनी लिहिलं, की खेळ जेवणाआधी ठेवल्यावर मुलांचं फळं-भाज्या खाणं ५४ टक्क्यांनी वाढलं. ताईंकडे टक्केवारी नाही, रिकामं होणारं पातेलं आहे.

रांगेत त्या मुलाच्या पुढे एक काडीसारखी मुलगी आहे. ती दुसऱ्यांदा ताट पुढे करते, ताई डाव भरून वाढतात. याच दोघांचं चित्र देशाच्या आकड्यांतही दिसतं. २०१६ ते १८ मधल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं वयाच्या मानानं कृश आणि ५ टक्के जास्त वजनाची किंवा लठ्ठ आढळली. एकाच रांगेत, एकाच पातेल्यापुढे. म्हणून लठ्ठपणावर 'जेवण कमी करा' हे उत्तर शाळेला देताच येत नाही.

डबेवाली मुलं वर्गात बसतात. तिथे विज्ञानाच्या बाईंचं राज्य. फळ्याशेजारी एक पुठ्ठा टांगलाय, त्यावर रिकामी पाकिटं चिकटवलेली आणि प्रत्येकाखाली साखरेचे चमचे काढलेले. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना असे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. ही शाळा राज्य मंडळाची, तरी बाईंना कल्पना आवडली. आज कोलाच्या बाटलीची पाळी आहे. लेबलवर १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. बाटली २५० मिलिलिटरची. चमचा पाच ग्रॅमचा धरायचा. वह्या निघतात. "पाच चमचे अन् वर थोडी!" खिडकीजवळची एक मुलगी ओरडते आणि लगेच घरच्या चहाचा हिशेब मांडायला घेते. त्यात तिची आजी अडचणीत येणार, हे स्पष्ट आहे.

बाई कुणाच्याही डब्याला नाव ठेवत नाहीत. पोळीला जॅम लावून आणलेल्या मुलाला त्या फक्त शेजाऱ्याच्या उसळीची चव घ्यायला सांगतात. त्याच्या आईला सकाळी सातला कामावर निघावं लागतं, हे त्यांना ठाऊक आहे.

फाटकाबाहेर पाकिटांच्या माळा लटकतायत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखरेचा भडिमार असलेलं खाणं विकायचं नाही, असा २०२० चा केंद्रीय नियम आहे. पेठेत ५० मीटर म्हणजे तीन बोळ, दोन देवळं आणि एक किराणा दुकान. नियम कोण मोजणार?

जेवणं आटोपल्यावर सर शिक्षकखोलीत आरोग्य तपासणीची नोंदवही उघडतात. उंची-वजन ते कपाटाच्या आडोशाला एकेकाचं घेतात, आकडा मोठ्यानं वाचत नाहीत. वजन जास्त असलेल्यांचा वेगळा गट करा, अशी सूचना एका पालकानं केली होती. सरांनी ती मानली नाही. मला याच शहरातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाराही आतून सडपातळ असेलच असं नाही. वेगळा गट करायचा तर कुणाकुणाचा करणार? त्यापेक्षा कडुनिंबाला सगळ्यांनीच हात लावून यावं.

एवढ्यात गणिताच्या बाई वेळापत्रकाचा कागद घेऊन आत येतात. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ येतेय, जादा तास हवाय, आणि मुलं जेवणाआधीच ताजीतवानी असतात.

"तुम्ही जेवणानंतर खेळवा की, सर. आधी तसंच तर होतं."

"जेवणानंतर पळवलं तर पोटात दुखतं त्यांच्या. आणि आधी काय होतं ते ताईंना विचारा."

"अहो, परीक्षेपुरतंच म्हणतेय."

"मागच्या वर्षीही परीक्षेपुरतंच होतं," सर म्हणतात, "पार एप्रिलपर्यंत."

मुख्याध्यापिका चष्मा काढून दोघांकडे बघतात आणि कागद स्वतःकडे ओढून घेतात.