वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा

दर महिन्याला मी तुमच्याशी हप्ते, वह्या नाहीतर बाजारपेठ यांबद्दल बोलते. आज वेल्डिंगबद्दल बोलणार आहे. घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "हा काय बायकांचा विषय?" मी म्हटलं, गाडीचं कर्ज दहा जणींच्या बचतीवर काढलंय, मग गाडीला लागणारी ठिणगीसुद्धा आमचाच विषय.

आमच्या एका गटाने जुना डिझेल छोटा टेम्पो घेतला. जुना म्हणजे तीन वर्षांचा, बीएस-सहा. थालीपीठ, झुणका-भाकर घेऊन आठवडी बाजारात उभं राहायचं ठरलं. शेगडीला स्टँड, सिलिंडरला कडं आणि मागे पत्र्याची फळी करून घ्यायला गाडी फॅब्रिकेशनवाल्याकडे नेली. माणूस हाताचा चांगला, वीस वर्षं ट्रॉल्या बनवतोय. त्याने अर्थिंगचा क्लॅम्प मागच्या बंपरला लावला आणि वेल्डिंग केलं केबिनच्या पाठीमागे. बॅटरीला कुणी हात लावला नाही. काम सुबक झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं पीठ मळून तयार, आणि किल्ली फिरवली तर स्टार्टर गरगर फिरतोय, इंजिन काही घेत नाही. मीटरवर सगळे दिवे पेटलेले.

मेकॅनिकने मशिन लावून पाहिलं. इंजिनचा कंट्रोल बॉक्स, ज्याला ईसीयू म्हणतात, तो बोलतच नव्हता. नवा बॉक्स आणला, तो गाडीच्या किल्लीशी जुळवून घ्यावा लागला. तीन आठवडे गाडी उभी. खर्च आमच्या चार हप्त्यांएवढा. वॉरंटीत काही बसलं नाही, कारण काम बाहेर केलेलं.

असं का होतं, ते समजून घेऊ. वेल्डिंग मशिनमधून वीज होल्डरमध्ये येते, रॉडमधून ठिणगी होऊन लोखंडात शिरते आणि क्लॅम्पच्या वायरीने परत मशिनमध्ये जाते. शंभर-सव्वाशे अँपिअर हे नेहमीचं काम. तुम्ही उसाला पाणी दिलंय ना? पाट मोकळा असला तर पाणी सरळ जातं. मध्येच बुजला असेल तर ते कडेच्या वाफ्यात शिरतं. गाडीत तसंच. क्लॅम्प लांब लावला की मधे रंग, गंज, ढिले बोल्ट येतात. मग थोडी वीज सेन्सरच्या वायरीतून, बेअरिंगमधून, अल्टरनेटरमधून वाट काढते. बारा व्होल्टवर चालणाऱ्या नाजूक बॉक्सला ते कसं सोसणार? अल्टरनेटरमधले डायोडही असेच जळतात. बेअरिंगला तर लगेच कळतही नाही, महिन्या-दोन महिन्यांनी घरघर सुरू होते.

पूर्वीच्या गाड्यांत हा प्रश्न फारसा नव्हता, म्हणून जुन्या कारागिरांना तो माहीत नसतो. त्यांचा दोष मी म्हणत नाही. पण 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे नव्या गाड्या बीएस-सहाच्याच विकल्या जातात, आणि त्यांत इंजिन, धूर, ब्रेक सगळ्यांवर सेन्सर बसलेत. लोखंड तेच, पोटातली वायर वेगळी.

आता काय करायचं. पहिलं म्हणजे किल्ली बंद करून काढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं थांबा. गाडी बंद दिसली तरी आतले बॉक्स लगेच झोपत नाहीत. युरियाचं पाणी लागणाऱ्या मोठ्या डिझेल गाड्यांत तर पंप नंतरही थोडा वेळ चालतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडवा, नंतर पॉझिटिव्ह. दोन्ही टोकांवर कोरडं फडकं गुंडाळा, म्हणजे चुकून चिकटणार नाहीत. आधी निगेटिव्ह का? उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर तिथेच ठिणगी उडते. दिव्यांसाठी दुसरी बॅटरी बसवली असेल तर तीही सोडवायची. छतावर सोलर असेल तर पॅनेलची वायर सगळ्यात आधी, कारण ऊन असेपर्यंत ते थांबत नाही.

पण इथेच एक गैरसमज आहे. बॅटरी काढली की झालं, असं बरेचजण म्हणतात. नाही झालं. ते बॉक्स गाडीच्या पत्र्याला जोडलेलेच असतात. म्हणून खरं काम क्लॅम्पचं. ज्या तुकड्यावर वेल्डिंग, त्याच तुकड्यावर क्लॅम्प, शक्यतो वीतभर अंतरावर. तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून लोखंड चकचकीत करायचं. इंजिनला, गिअरबॉक्सला, पाट्यांना, चाकाजवळच्या भागाला क्लॅम्प लावू द्यायचा नाही. वेल्डिंगच्या केबल गाडीच्या वायरिंगला चिकटून किंवा तिच्याभोवती गुंडाळून ठेवू नका. आणि बॉक्सच्या अगदी जवळ काम असेल तर त्याचा प्लग इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या. स्वतः ओढू नका, त्या कुलुपांची कडी मोडते.

शेगडीची गाडी म्हणजे सिलिंडर आधी उतरवून लांब ठेवायचा. डिझेलची टाकी आणि पाइप कुठून जातात ते पाहून ओली गोणपाटं टाका, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवा.

एक मात्र मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. वेल्डिंग लागतंच का, ते आधी विचारा. गाडीच्या मुख्य चॅनेलवर, म्हणजे ज्यावर सगळं वजन असतं त्यावर, जोड देऊ नका. तिथलं पोलाद तापून कमकुवत होतं. आमचं नवं स्टँड आम्ही बाहेर जमिनीवर वेल्ड करून घेतलं आणि गाडीला यू-क्लॅम्प व बोल्टने आवळलं. मोठा बदल असेल तर आरटीओत विचारूनच करा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 मध्ये गाडीच्या बदलांवर बंधनं आहेत. अपघात झाल्यावर विमेवाला तेच आधी बघतो.

काम झाल्यावर लोखंड गार होऊ द्या, मशिनचा क्लॅम्प काढा, जळालेल्या जागेवर प्रायमर मारा, मग पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी जोडा. किल्ली फक्त चालू करा, दिवे बघा, मग स्टार्ट करा. घड्याळ आणि रेडिओ नव्याने लावावा लागेल, तेवढं चालतं.

दुसऱ्यांदा त्याच कारागिराकडे गेलो तेव्हा गटातल्या आमच्या मावशींनी, वय साठ, स्वतः दहा नंबरचा पाना हातात घेतला. तो हसला. म्हणाला, "मावशी, मी काढतो की." मावशी म्हणाल्या, "तू काढ, मी उभी राहते." आणि क्लॅम्पची जागा खरवडून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. परवा तो मला भेटला, आता येणाऱ्या प्रत्येक गाडीची बॅटरी आधी सोडवतो म्हणाला.