उशाकडची बाजू

दुपारचे अडीच वाजले आहेत आणि मावशीने पुढची खोली रिकामी केली आहे. खाट उभी करून भिंतीला लावली, मिक्सर फ्रिजवर गेला, गॅसची टाकी दाराबाहेर. फरशी दोनदा पुसून झाली. १० बाय १२ च्या खोलीत ६ फूट बाय ४ फुटांची गोधडी अंथरायची, तर बसणाऱ्यांनी भिंतीला पाठ लावूनच बसायचं. तशा आम्ही बसलो आहोत. पंखा बंद आहे. पंख्याने कापड उडतं.

शेजारच्या गल्लीत लूम्सचं खातं आहे. त्याची खटखट दारातून येते त्याहून जास्त फरशीतून येते. तळहात टेकला की बोटांना ती आधी कळते, कानाला नंतर. सुरतेच्या लिंबायतमध्ये ती कुणी ऐकत नाही. बंद पडली तरच माणसं दाराशी येऊन विचारतात, काय झालं?

चैत्र संपत आला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून बारा दिवस. मावशी उधन्याहून गाडी धरून शिंदखेड्याकडे माहेरी जाणार आणि या वेळी आजीला गोधडी नेणार. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या आणि आमरस खातात, आणि परतताना आईने दिलेलं काही ना काही पिशवीत असतं. मावशी पस्तीस वर्षं जाते आहे. आईला काय न्यायचं हा प्रश्न इतकी वर्षं तिला पडला नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं. सुरतेहून साडी न्यायची.

तीन गाठोडी समोर आहेत. पहिलं सर्वांत मोठं. त्यात साड्यांचे उरलेले तुकडे, लेस, पट्ट्या, रंगांचा नुसता दंगा. मावशी घरी साड्यांचं काम करते. लेस लावायची, टिकल्या चिकटवायच्या, धागे कापायचे. रिंग रोडच्या मार्केटमधून येणारं काम गल्लीतल्या प्रत्येक दारात थोडं थोडं वाटलं जातं. त्यामुळे चिंधीला इथे तोटा नाही, ती किलोवर विकतसुद्धा मिळते. मी एक निळा तुकडा उचलते. सुंदर आहे.

"हाई कापड चालाव नई," मावशी वर न बघता म्हणते. माझ्याशी ती मराठी बोलते, कापडाशी अहिराणी.

का चालणार नाही ते ती हाताने दाखवते. तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाकते. थेंब मोत्यासारखे उभे राहतात, मग घरंगळून फरशीवर जातात. "घाम असाच राहील अंगावर." दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बोटाने ढकलते, वरचा सर्रकन सरकतो. कडेचा धागा ओढते, अर्धी बोटभर कड उसवून हातात येते. "आणि किती धुतलं तरी मऊ पडत नाही. गोधडीला मरत आलेलं कापड लागतं."

म्हणजे सुती. वापरून, धुऊन, उन्हात वाळून विरत आलेलं. अख्खं सुरत रात्रंदिवस कापड काढतं आहे, भिंतीपलीकडे या क्षणी काढतं आहे, आणि एका गोधडीपुरतं कापड या घरात नाही.

म्हणून दुसरं गाठोडं. ते गावाहून आलं आहे, मामेभावाच्या हाती, गाडीने. मावशीने फोनवर मागितलं होतं, मायची जुनी लुगडी असतील तेवढी दे. सांगताना कारण दिलं नव्हतं. गाठोड्यात दोनच लुगडी निघाली.

"फक्त दोन?" मी विचारते.

"पेटी भरलीय तिची," मावशी म्हणते. "सगळ्या मीच दिलेल्या."

दर दिवाळीला, दर आखाजीला एक. हलकी, न चुरगळणारी, भिंतीवर टाकली की अर्ध्या तासात वाळणारी. आजीला आवडल्या. पाणी ओढून आणायचे दिवस होते, नऊवारी सुती लुगडं पिळायला मनगट लागतं. आजीने सुती नेसणं कधी सोडलं ते तिलाही आठवत नसेल. जुनी लुगडी पोतेऱ्यात गेली, बोहारणीकडे गेली, नातवंडांच्या दुपट्यांत गेली. गोधडी लागेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण गोधड्या घरात होत्याच.

मावशीकडेही होत्या. लग्नात मिळालेल्या तीन. इथे गल्लीत पावसाळा म्हणजे खाडीचं पाणी. २००६ च्या ऑगस्टमधला तापीचा महापूर सगळ्या शहराला आठवतो. लिंबायतला मात्र मीठी खाडीही अधूनमधून आठवण करून देते. अशाच एका वर्षी तिन्ही गोधड्या खाटेखाली भिजल्या. ओली गोधडी दोघांना उचलत नाही. पाणी ओसरलं तेव्हा वास सुटला होता. मावशीने त्या फरफटत बाहेर काढल्या आणि पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या.

गेल्या हिवाळ्यात आजीला तिने मिंक ब्लँकेट दिलं, गुलाबाच्या फुलांचं. आजीने महिनाभर पांघरलं आणि फोनवर सांगितलं, रात्री हे अंगावर राहत नाही, खाली पळून जातं, आणि अंधारात चटचट ठिणग्या मारतं. शेवटी जुनी फाटकी गोधडीच बरी. तेव्हापासून मावशीच्या डोक्यात हे आहे.

तिसरं गाठोडं ती स्वतः सोडते. आजोबांचं धोतर. पांढरेपण गेलेलं, मध्ये दोन रफू.

"दादांचं. ते आत."

एवढंच बोलून ती कामाला लागते. खाली लुगडं, अस्तर म्हणून. ते पाणी शिंपडून फरशीवर चिकटवलं जातं. चार कोपऱ्यांवर खलबत्ता, तांदळाचा डबा, इस्त्री आणि शाळेचं दप्तर. त्यावर धोतर. त्यावर जुनी सुती चादर. वर दुसऱ्या लुगड्याच्या आणि परकरांच्या तुकड्यांचा जोड. प्रत्येक थरावर मावशी मधून कडेकडे तळहात फिरवते. सुरकुती कडेपर्यंत हाकलत नेते आणि बाहेर काढते. आत राहिलेली सुरकुती म्हाताऱ्या पाठीला टोचते.

एवढेच थर. थंडीच्या गोधडीला सहा-सात घालतात, पण ती आजीला उचलणार नाही. ज्याला स्वतःचं अंथरूण स्वतः गुंडाळायचं आहे, त्याला घडी झेपली पाहिजे. म्हणून लांबीही कमी. तुकड्यांवरची प्रत्येक टिकली, हूक, जरीचा काठ मावशीने आधीच काढून टाकला आहे.

सुरतेच्या कापडाला एकच जागा दिली आहे, चारी बाजूंच्या कडेची. पिवळ्याधमक साडीची पट्टी. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. गोधडी कुठे संपते ते तिला दिसलं पाहिजे.

तीन वाजता बायका येतात. समोरच्या अक्का, पद्मशाली, घरात तेलुगू बोलणाऱ्या. त्यांची माणसं तेलंगणातून आली ती मागावरच. त्या गोधडीला बोंता म्हणतात. उत्तर प्रदेशच्या भाभी कथरी म्हणतात. कोपऱ्यावरच्या बेन गोदडी. बंगालची कांथा, बिहारची सुजनी हीच. जुनं कापड आणि धावदोरा. शब्दांवरून दोन मिनिटं हसणं होतं आणि चौघी चार बाजूंना बसतात. माझ्याकडे सुया ओवायचं काम. आठ सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, म्हणजे कुणाचा हात थांबत नाही. दोरा सुती. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो आणि तोच त्याचा दोष. मऊ कापडाला तो आतून कापत राहतो.

आधी लांब कच्चे टाके. मग कडेपासून सुरुवात, चौकोनात चौकोन, आत आत. शिवणारी गोधडीवरच बसते आणि जसजसं शिवून होईल तसतशी सरकते. सुई मधूनच केसांत फिरवायची, तेल लागतं, सरळ जाते.

मावशीचा नातू सहावीत आहे, महापालिकेच्या मराठी शाळेत. तो पट्टी घेऊन येतो. ६ फूट म्हणजे १८० सेंटीमीटर धरू, ४ फूट म्हणजे १२०. दोन ओळींत २ सेंटीमीटर. एक टाका १ सेंटीमीटर. वहीत गुणतो, भागतो.

"आजी, दहा हजार आठशे टाके!"

मावशी सुईवर पाच टाके एकदम चढवते आणि दोरा खांद्यापर्यंत ओढते. "एका ओढीत पाच. आता किती?"

तो पुन्हा वहीत बघतो. "दोन हजार एकशे साठ."

"हां. आता शिवून होईल."

पायाकडच्या उजव्या कोपऱ्यावर भाभी आहेत. तिथे पिवळी पट्टी दुमडून दुमडून सहा पदरी झाली आहे. सुई अडते. भाभी अंगठ्याने रेटतात. टक्‌ असा आवाज होतो. भाभींच्या हातात सुईचा मागचा भाग आहे, टोक नाही.

चौघींचे हात थांबतात.

"सुई कथी गई व?"

कोपऱ्यातलं कापड चिमटीने चाचपलं जातं. फरशी बघितली जाते, भाभींची साडी, माझी ओढणी. टोक करंगळीच्या नखाएवढं असेल. कुणी म्हणतं, फरशीवर पडून कुठे तरी गेलं असेल. मावशी मान हलवते. "मायले टोची जाई." आजीची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. ती गोधडी अशी द्यायची नाही, हे तिला कुणाला सांगावं लागत नाही.

पोरगा बाहेर पळतो आणि पाच मिनिटांनी येतो तेव्हा त्याच्या हातात खराब स्पीकरचं लोहचुंबक आहे, काळं, बांगडीएवढं. तो ते कोपऱ्यावरून हळूहळू फिरवतो. एकदा. दोनदा. बेन दिवा धरल्यासारखा मोबाईल धरून उभ्या आहेत. तिसऱ्यांदा कडेपासून वीतभर आत कापडाला बारीक टेंगूळ येतं आणि चुंबकाकडे वर उठतं. टोक थरांमधून इतकं आत गेलं होतं. मावशी दोन टाके सोडते, धोतरातून टोक बाहेर निघतं.

"सापडनी!"

ते टोक ती कागदात गुंडाळते, कागद रिकाम्या डबीत, डबी फडताळात वर. मग दुसरी, जाड सुई घेऊन तो कोपरा स्वतः शिवते. तीनदा फिरवून, घट्ट. पुन्हा कुणाची सुई तिथे जायला नको.

चौथ्या दिवशी, रात्री साडेनऊला, आम्ही दोघीच आहोत. मधला चौकोन लिंबाएवढा उरला होता, तो मिटला. खात्यात रात्रपाळी चालू आहे. मावशी गोधडी उलटी करते, गाठी तपासते, झटकते. धुवटीचा, तेलाचा, थोडा आमच्या घामाचा वास आहे तिला. नव्या कापडाला असतो तो खळीचा वास नाही.

आता एकच काम बाकी आहे. गोधडीला उसं आणि पायथं असतं. पायाकडची बाजू तोंडावर घेतलेली आजीला चालत नाही. आजवर ती रंगावरून ओळखायची. उन्हाळ्यात ती ओट्यावर झोपते, रात्री दोनदा उठते, आणि अंधारात पिवळी कडही दिसत नाही. म्हणून मावशीने उशाकडच्या डाव्या कोपऱ्यात आतून एक जाड चौकोनी ठिगळ शिवलं आहे. हाताला लागलं की समजायचं, इकडे डोकं.

"दिवा बंद कर," ती म्हणते.

मी बटण दाबते. गल्लीतला उजेड येऊ नये म्हणून दारही लोटते. मावशी म्हणते, तू गोधडी फिरव, मला न सांगता. मी दोन-तीनदा गोल फिरवते आणि खाली ठेवते. अंधारात तिच्या बांगड्यांचा आवाज येतो. तळहात कापडावरून सरकतो आहे, एक कोपरा, मग दुसरा. थांबतो. परत पहिल्याकडे जातो.

"हे. हे उसं."

मी दिवा लावते. तिच्या मुठीत पायाकडचा उजवा कोपरा आहे, सुई मोडली होती तो. सहा पदरी, तीनदा शिवलेला, ठिगळापेक्षाही जाड.

मावशी त्या कोपऱ्याकडे बघते. मग उशाकडच्या ठिगळाकडे. दोन्ही बोटांत धरून दाबून बघते. घड्याळाकडे बघत नाही.

"कात्री दे," ती म्हणते आणि मांडी घालून खाली बसते. पायाकडचा कोपरा मांडीवर ओढून पहिला टाका उसवते. मी उशीत नवी सुई ओवून ठेवते.