शितावरून भाताची परीक्षा

‘शितावरून भाताची परीक्षा’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु चार शितांवर अवघ्या हंडीचा भरवसा का ठेवावा, हे सहसा कोणी विचारीत नाही. संख्याशास्त्रातील केंद्रीय सीमा प्रमेय हे या प्रश्नाचेच उत्तर होय. वर्गात त्याची सूत्रे पाठ होतात. त्यातील मौज आणि धोका मात्र निसटतो, असे आम्हांस वाटते.

एक फासा टाकला तर एक ते सहा यांपैकी कोणताही अंक सारख्याच संभवाने पडतो. दोन टाकले तर ३६ प्रकार होतात. त्यांत सरासरी १ येण्याचा प्रकार एकच, तर ३.५ येण्याचे सहा. आता छत्तीस फाशांची सरासरी पुनःपुन्हा काढीत जावे. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक सरासऱ्या २.९ ते ४.१ यांच्या दरम्यान पडतील, आणि त्यांचा आलेख घंटेसारखा दिसेल. मूळ फाशाच्या आलेखात घंटेचा मागमूसही नव्हता! द म्वाव्र याला १७३३ साली या नियमाची चाहूल लागली, लाप्लासने १८१० मध्ये त्याला व्यापक रूप दिले, आणि आजचे नाव पोल्या याने १९२० साली दिले. यातील हिशेब कठोर आहे : चूक निम्मी करावयाची, तर नमुना चौपट घ्यावा लागतो.

मग मोठा नमुना घेतला की सत्य हाती आलेच काय? येथे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे स्मरण होते. पिकाचा उतारा अजमावण्यासाठी शेतातील एखादा तुकडा यदृच्छेने निवडून कापतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला तर उतारा फुगतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड अधिक. आणि कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात. असे हजार तुकडे कापले तरी हा दोष निवत नाही. सरासऱ्या घट्ट दाटी करतात खऱ्या, पण चुकीच्या आकड्याभोवती!

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेतही भरपाई ठरविताना पीककापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. उतारा कागदावर फुगला, तर बुडालेल्या शेतकऱ्याच्या पदरची भरपाई घटते.

यदृच्छेने होणारी चूक संख्या वाढविल्याने शमते. पक्षपाताची चूक शमत नाही. म्हणून वाचकहो, सर्वेक्षणाचा आकडा समोर आला की किती शिते चाचपली, एवढेच विचारून थांबू नये. भात आधी नीट ढवळला होता काय, हेही विचारावे.