संगणक तापतो का? आधी धूळ पाहा

पूर्वी दुकानाची सारी मदार वह्यांवर असे. रोजकीर्द, खतावणी आणि उधारीची वही लाल कापडात बांधून पेटीत ठेवली जाई. वाळवी लागू नये, ओल येऊ नये म्हणून मालक स्वतः लक्ष घालीत. आज त्या वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. सुताची खरेदी, कापडाची विक्री, कामगारांची मजुरी, येणे आणि देणे हे सर्व त्यातच असते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर लहान व्यापाऱ्यालाही संगणकावाचून गत्यंतर राहिलेले नाही. परंतु वहीची जेवढी काळजी घेतली जाई, तेवढी या यंत्राची घेतली जात नाही. तो टेबलाखाली, जमिनीला टेकून, केरसुणीच्या वाटेवर ठेवलेला असतो. वर्षानुवर्षे त्याचे झाकण कोणी उघडत नाही.

मग तक्रारी सुरू होतात. "सकाळी बरा चालतो, दुपारी हळू होतो." "बिल करता करता आपोआप बंद पडतो." "पंख्याची घरघर थांबतच नाही." कोणी म्हणते व्हायरस आला, कोणी म्हणते यंत्र जुने झाले. काहीजण नवा संगणक घेऊनही मोकळे होतात. यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ आत साठलेल्या धुळीत असते आणि अर्ध्या तासाच्या सफाईने त्या दूर होऊ शकतात. कारखानदार व दुकानदार बांधवांना हा विषय नीट समजावा, यासाठी आम्ही येथे थोडी सविस्तर माहिती देत आहोत.

संगणक तापतो कशामुळे?

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व उष्णतेत बदलते. कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या साध्या संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता साधारणतः ६५ वॅट धरली जाते. जुन्या काळचा ६० वॅटचा पिवळा दिवा पेटलेला असताना त्याला हात लावता येत नसे, हे सर्वांना आठवत असेल. तेवढीच उष्णता येथे नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडते. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम चिपची उष्णता १५ वॅटच्या आसपास होती. त्यानंतर चिपवर पंखा बसवणे ही नेहमीची गोष्ट झाली.

ही उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था साधी आहे. चिपवर अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा ठोकळा बसवलेला असतो. त्याला हीट सिंक म्हणतात. त्याला पातळ पातळ पट्ट्या असतात. चिपची उष्णता पट्ट्यांत पसरते, पंखा पट्ट्यांमधून हवा फिरवतो आणि मागचा पंखा ती गरम हवा पेटीबाहेर टाकतो. म्हणजेच सारी व्यवस्था मोकळ्या हवेवर अवलंबून आहे. हवेची वाट बंद झाली की यंत्र तापलेच.

धूळ नेमके काय करते?

हीट सिंकच्या दोन पट्ट्यांमधील फट एक-दोन मिलिमीटरचीच असते. पंख्याने ओढलेल्या हवेबरोबर आधी तंतू व केस येतात आणि फटींच्या तोंडाशी जाळीसारखे अडकतात. त्या जाळीत मग बारीक धूळ अडकू लागते. काही महिन्यांत तेथे नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा फिरत असतो, पण हवा आत जात नाही. गोधडी अंगाला ऊब देते, कारण तिच्यात हवा कोंडलेली असते व कोंडलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. धुळीचा हा थर म्हणजे प्रोसेसरच्या अंगावरील गोधडीच होय.

प्रोसेसरमध्ये उष्णता मोजण्याची सोय असते. तापमान बहुतेक चिपमध्ये ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या मर्यादेला पोहोचले की चिप स्वतःहून आपला वेग कमी करते. त्यानेही भागले नाही तर संगणक बंद होतो. दुपारी संगणक हळू होतो किंवा एकाएकी बंद पडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. यंत्र स्वतःला जळण्यापासून वाचवत असते. आपण मात्र पुन्हा पुन्हा बटण दाबून ते सुरू करतो.

पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांवर कपॅसिटर नावाचे लहान डबीसारखे भाग असतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. हे नुकसान दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी संगणक सुरूच होत नाही, तेव्हा ते कळते.

धंदा तशी धूळ

घरातील धूळ आणि कारखान्यातील धूळ यांत फरक आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत हवेत सुताचे तंतू सतत तरंगत असतात. सायझिंगमध्ये सुतावर चढवलेली खळ माग चालताना झडते आणि तिची बारीक पूड तंतूंबरोबर उडते. तंतू जाळी विणतात आणि पूड ती भरून काढते. त्यामुळे इतरत्र जी सफाई वर्षातून दोनदा पुरते, ती मागाच्या शेडला लागून असलेल्या कचेरीत महिन्या-दीड महिन्याने करावी लागते.

पिठाच्या गिरणीतील पीठ दमट हवेत चिकट होते. हॉटेलात तेलाची वाफ पंख्याच्या पात्यांवर बसते आणि त्यावर धूळ घट्ट धरते. झेरॉक्सच्या दुकानात टोनरची अतिशय बारीक पूड असते. वखारीत लाकडाचा भुसा, तर सिमेंटच्या दुकानात सिमेंट असते. दुकानात सकाळी अगरबत्ती किंवा लोबान फिरवला जातो. त्याच्या धुराचे कणही चिकट असतात, म्हणून धुपाचे भांडे संगणकाजवळ ठेवू नये.

उन्हाळा आणि पावसाळा

पंखा हवा फक्त फिरवतो, ती थंड करीत नाही. खोलीत ४२ अंश तापमान असेल, तर चिप ४२ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. अनेक कंपन्या आपल्या कार्यालयीन संगणकांसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगतात. खानदेश, विदर्भ, मराठवाडा आणि मालेगाव परिसरात एप्रिल-मे महिन्यांत ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. हिवाळ्यात धुळीचा जो थर यंत्राने सहन केला, तोच थर उन्हाळ्यात त्याला बंद पाडतो. म्हणून एक सफाई मार्च महिन्यात अवश्य करावी.

पावसाळ्यात धोका वेगळा असतो. धूळ ओलावा धरून ठेवते. ओली धूळ बोर्डावरील बारीक जोडांना गंज चढवते आणि क्वचित दोन जोडांमध्ये वीज झिरपू देते. कोकणपट्टीत खारट हवेमुळे हे अधिक होते. म्हणून दुसरी सफाई मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी करावी.

सफाईची रीत

यासाठी एक मऊ रंगाचा ब्रश, एक लहान इलेक्ट्रिक ब्लोअर, स्क्रू ड्रायव्हर आणि कोरडे सुती फडके एवढे पुरे. सुट्टीचा दिवस निवडावा. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी हवेत तंतू कमी असतात, तेव्हा हे काम उरकावे.

१. संगणक नीट बंद करून भिंतीतील बटण बंद करावे व वायर काढावी. त्यानंतर सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली बरीचशी वीज निघून जाते.

२. कोणती वायर कोठे लागते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पेटी ओट्यावर किंवा गच्चीवर न्यावी. कचेरीतच धूळ उडवली तर ती पुन्हा आत शिरते.

३. झाकण काढल्यावर आधी पेटीच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज चिपमध्ये उतरत नाही. त्यानंतर ब्रशने हीट सिंकच्या पट्ट्यांमधील आणि पात्यांवरील धूळ हलकेच सुटी करावी.

४. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. वाऱ्याने पंखा मर्यादेबाहेर फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते.

५. पॉवर सप्लायला बाहेरूनच जाळीतून हवा मारावी. तो कधीही उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो आणि वायर काढल्यानंतरही काही काळ टिकू शकतो. हा जिवाशी खेळ आहे.

६. पेटीच्या पुढच्या बाजूस जाळी असेल तर ती धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. ओली जाळी बसवू नये.

हीट सिंक उचलण्याची गरज सहसा नसते. ती उचलली तर चिप व हीट सिंक यांमधील जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागते. लहान वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. पेस्ट न लावता हीट सिंक परत बसवली, तर धुळीपेक्षा मोठे नुकसान होईल.

हे टाळावे

पंक्चरवाल्याकडील किंवा गॅरेजातील कॉम्प्रेसरची हवा संगणकात मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या टाकीत पाणी साचते, हवेत तेलाचे कण असतात आणि दाब इतका असतो की बारीक भाग उखडू शकतात. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाजवळ नेऊ नये, तिच्या टोकाशी स्थिर वीज तयार होते. टोनर तर साध्या क्लीनरच्या पिशवीतून गाळून परत खोलीत येतो. ओले फडके आत फिरवू नये. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्याबरोबर थुंकीचे शिंतोडे जातात.

काहीजण धुळीच्या भीतीने चालू संगणकावर प्लास्टिकचे कव्हर घालतात. कव्हर रात्री, संगणक बंद करून तो थंड झाल्यावर घालावे. याउलट काहीजण थंडाव्यासाठी पेटीचे झाकण कायमचे काढून ठेवतात. झाकण काढल्यावर संगणक सुधारला, तर हवा कोंडत होती हे निदान बरोबर आहे. परंतु उघड्या पेटीत धूळ दुपटीने शिरते आणि हवेचा ठरलेला प्रवाहही मोडतो.

जागा बदला, निम्मे काम होईल

पेटी जमिनीपासून किमान फूटभर उंच ठेवावी. झाडताना उडणारी धूळ खालच्या थरातच अधिक असते. पेटीच्या मागे चार-सहा इंच जागा मोकळी सोडावी. टेबलाच्या बंद कप्प्यात पेटी ठेवल्यास तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. पाण्याच्या कूलरचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये. मागाच्या शेडमध्ये संगणक ठेवणे भागच असेल, तर निदान काचेची वेगळी खोली करून द्यावी.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपले अनेक व्यापारी गादीवर बसून काम करतात आणि लॅपटॉपही गादीवरच ठेवतात. हवा ओढण्याची छिद्रे बहुधा त्याच्या तळाशी असतात. गादीत ती बुजतात आणि गादीचे तंतूही आत ओढले जातात. लॅपटॉपखाली एक लाकडी पाट ठेवला तरी पुरे.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

तापमान किती आहे हे मालकाला स्वतः पाहता येते. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोस सेटअपमध्ये बहुधा प्रोसेसरचे तापमान दिलेले असते. काही काम चालू नसताना तेथे ७५-८० अंश दिसत असतील, तर हवेच्या वाटेत अडथळा आहे किंवा पेस्ट वाळली आहे असे समजावे. हा आकडा लिहून ठेवावा व सफाईनंतर पुन्हा पाहावा. फरक पडला तर यंत्र ठीक आहे. "बोर्ड गेला, प्रोसेसर गेला" असे कोणी सांगितले, तर खर्च मान्य करण्यापूर्वी सफाई झाली का हे विचारावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही.

शेवटची गोष्ट हिशेबाची. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ चे विवरण ११ तारखेपर्यंत व जीएसटीआर-३बी चे २० तारखेपर्यंत भरावे लागते. ऐन १९ तारखेला, भर उन्हाळ्यात यंत्र बंद पडले, तर नव्या संगणकाला पैसे मोजूनही आतला हिशेब हाती येईलच असे नाही. बिलाची नोंद अर्धी झालेली असताना वीज तुटली, तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. म्हणून ज्या दिवशी सफाई कराल, त्या दिवशी झाकण उघडण्यापूर्वी सर्व हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर वा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुकानात न ठेवता घरी ठेवावी. यंत्र आज ना उद्या जुने होणारच. उधारीची वही मात्र एकदा गेली की कोणाकडे किती येणे आहे, हे देणेकऱ्याच्या इमानावरच सोडावे लागते.