सव्वा सेकंदाचं गाणं

गाण्याचं नाव ‘यू सफर’. लांबी १.३१६ सेकंद. जगातलं सर्वांत छोटं ध्वनिमुद्रित गाणं म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. धाडकन आवाज होतो, कुणीतरी ओरडतं, संपलं! पण एवढ्यात गिटार, बेस, ड्रम सगळे वाजून जातात, आणि माणसाच्या सोसण्याविषयीचा चार शब्दांचा एक अख्खा प्रश्नही विचारून होतो.

हा प्रताप ‘नेपाम डेथ’ या बँडचा. १९८१ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडेन गावात शाळकरी पोरांनी तो काढला. मार्गारेट थॅचर यांची राजवट, बंद पडणारे कारखाने, अणुयुद्धाची धास्ती असे ते दिवस होते. ‘क्रास’सारख्या अराजकवादी पंक बँडकडून त्यांनी विचार उचलला: युद्धाला, वंशद्वेषाला, बड्या कंपन्यांच्या लुटीला विरोध. असा राग तेव्हा अनेकांच्या गाण्यांत होता. यांनी त्याला भन्नाट वेग दिला.

या वेगाचं मर्म ‘ब्लास्ट बीट’मध्ये आहे. नेहमीच्या तालात दोन ठोक्यांमध्ये थोडी उसंत असते. इथे बेस ड्रम आणि स्नेअर एकाआड एक इतक्या झपाट्याने वाजतात, की तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात. मग एक गंमत घडते. कान ठोके मोजणं सोडून देतो आणि तालाची एक सलग, खरखरीत भिंत ऐकू लागतो. ड्रमर मिक हॅरिस याने या शैलीला ‘ग्राइंडकोर’ हे नाव दिलं, असं मानलं जातं.

१९८७ मध्ये नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ कंपनीने त्यांचा ‘स्कम’ हा अल्बम काढला. सुमारे ३३ मिनिटांत २८ गाणी! त्याहून अजब म्हणजे रेकॉर्डच्या दोन बाजूंवर जवळपास दोन वेगळे बँड आहेत. दोन्हीकडे वाजवणारा हॅरिस एकटाच. बीबीसी रेडिओवर जॉन पील यांनी ही गाणी लावली आणि पबमधला हा गदारोळ देशभर पोहोचला.

२०१३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचा कार्यक्रम ठरला होता. त्यासाठी एका कलावंताने मातीचा वापर करून स्पीकर केले होते. आवाजाच्या हादऱ्यांनी ते तडकावेत, हीच कल्पना! पण संग्रहालयाला आपल्याच इमारतीची काळजी वाटली आणि तिथला कार्यक्रम रद्द झाला.

मात्र गोंगाटाचा चाहता झालेला माणूस विचारांचाही होतो, असं नाही. २०१४ ते २०२४ या काळात इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष असलेले जोको विडोडो मेटल संगीताचे शौकीन. नेपाम डेथही त्यांच्या आवडीचा बँड. २०१५ मध्ये त्यांच्या देशात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोन ऑस्ट्रेलियन तरुणांना मृत्युदंड व्हायचा होता. तेव्हा बँडचा गायक बार्नी ग्रीनवे याने आपल्या या बड्या चाहत्याकडे जाहीरपणे दयेची याचना केली. एप्रिलमध्ये त्या दोघांना गोळ्या घातल्या गेल्या.

‘स्कम’वर वाजवणाऱ्यांपैकी आज बँडमध्ये कुणीही नाही. विचार मात्र तोच आहे. गाताना बार्नीच्या घशातून नुसती डरकाळी निघते, पण दोन गाण्यांच्या मध्ये तो युद्धाबद्दल, निर्वासितांबद्दल साध्या आवाजात बोलतो. त्यातला शब्द न् शब्द कळतो. त्यामुळे ऐकूच आलं नाही, असं म्हणायची सोय उरत नाही.